एक फुल, दोन हाफ

पोयनाडच्या थांब्यावर कंडक्टरच्या बॅगेतला मोबाईल थरथरला तेव्हा जयमाला ओव्हाळच्या एका हातात तिकिटाचं मशीन होतं आणि दुसऱ्या हातात कुणाचीतरी पाचशेची नोट. ड्यूटीवर मोबाईल बघायचा नाही हा नियम ती पाळत असे. आज मात्र तिनं बघितला, कारण तो लागोपाठ तीनदा थरथरला. भाच्याचा मेसेज होता. सनीचा.

"आत्या, दानियालभाईचं गाणं आज रात्री आठला सुटतंय!! कंडक्टर बाईवर आहे. तूच असणार. वाडीत मोठा स्पीकर लावतो."

खाली रात्रीच्या कार्यक्रमाची जाहिरात आणि गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा होता. तिनं बॅगेतून एक इअरफोन काढून कानात खुपसला. आधी इंजिनची घरघर, मग डबल बेल, मग दानियालचा घोगरा आवाज:

"अलिबागची गाडी, खाकीतली ताई,
पनवेलला चढला कोण, कुणा ठाऊक नाही..."

गाण्याचं नाव: 'दोन फुल, एक हाफ'.

"ओ बाई, माझे सुट्टे!" पाचशेच्या नोटेवाला ओरडला.

जयमालानं सुट्टे मोजून दिले. पनवेलला कोण चढला होता, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक ती आणि दुसरा तो गाढव दानियाल. चढणारा सोडून, अर्थात.

आता जयमाला कोण हे सांगायला हवं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, किहीमच्या बौद्धवाडीतली. अलिबाग-मुंबई गाडीवर कंडक्टर. आवाज असा की वडखळला तिनं हाक मारली तर पेणचा माणूस पिशवी उचलेल. आणि या बाईला वेड रॅपचं. वाडीतल्या बायका मालिका बघत तेव्हा ही ओट्यावर बसून कानात बोंडं घालून मान हलवायची. लोक हसायचे. हसू देत. तिचे वडील बुधाजी, म्हणजे घरचे दादा, डफावर थाप मारून जलशात उभे राहायचे, चौदा एप्रिलला त्यांचा खडा आवाज वाडीच्या पार पलीकडे जायचा. ते सूर आळवत बसत नसत, शब्द फेकत. पहिल्यांदा एका प्रवाशाच्या फोनवर रॅप ऐकलं तेव्हा जयमालाला वाटलं, हे तर आमच्या दादांचंच, फक्त डफाच्या जागी मशीन आलंय. तिचं म्हणणं साधं होतं. सूर गोड असला की शब्दांतलं खोटं खपून जातं. इथं लपायला जागा नाही. खोटं बोललास की लगेच ऐकू येतं.

आणि मुंबई? आठवड्यातून सहा दिवस ती मुंबईला जायची आणि मुंबई तिनं पाहिलीच नव्हती. दादरचा स्टँड, तिथलं कँटीन, बायकांची विश्रांतीची खोली, परत गाडी. फाटकाबाहेर म्हणून पाय टाकायचा तो समोरच्या गाड्यावर खजूर घ्यायला. बाकी शहर तिला कानानं ठाऊक होतं. कुठल्या चाळीत पाणी कधी येतं, कुठल्या नाक्यावर पोलीस पोरांना अडवतात, कुठल्या गल्लीत कोण कुणासाठी रडलं, सगळं गाण्यांतून. खाडीपूल आला की पुलाचे सांधे चाकाखाली टक्-टक्, टक्-टक् वाजायचे आणि तेवढ्या ठेक्यावर ती मनात दोन ओळी म्हणून घ्यायची. अनंता ड्रायव्हर गाडी जरा दामटवायचा तेव्हा ओळी लवकर संपायच्या, एवढंच.

त्या खजुराचं वेगळं सांगते. जयमालाचा नवरा धर्मा तेरा वर्षांपूर्वी शारजाला गेला. वेल्डर होता. सगळी वाडी सोडायला आली होती. पहिली दोन वर्षं फोन यायचे, मग कमी झाले, मग बंद. जयमालानं सासूला सांगितलं, कंपनी कडक आहे, फोन करू देत नाहीत, पण निरोप येतो, बरा आहे. म्हातारी धोंडूबाई सत्त्याहत्तर वर्षांची. तिचा त्या एका पोरावर जीव. मग जयमालानं एकदा दादरहून खजुराचं पाकीट आणलं आणि म्हणाली, "आई, तुमच्या धर्मानं पाठवलंय कुणाच्यातरी हाती." म्हातारीनं वाडीत घरोघर दोन-दोन वाटले. झालं. दर दोन-तीन महिन्यांनी पाकीट. खोटं सुरू करायला एक पाकीट पुरतं, चालू ठेवायला डझनानी लागतात.

आणि गेल्या वर्षी, पनवेलच्या थांब्यावर, धर्मा गाडीत चढला. शारजाचा माणूस पनवेलला. अंगात इस्त्रीचा शर्ट, मागे एक बाई, बाईच्या हाताला सहा-सात वर्षांची मुलगी. पायरीवर पाय ठेवला आणि वर पाहिलं तर दारात खाकीत बायको. मागून गर्दी ढकलत होती म्हणून त्याला उतरताही येईना. भित्रा माणूस, पहिल्यापासूनच. खाली बघून म्हणाला, "सायन." जयमालानं तिकीट काढलं. त्याचं पूर्ण, बाईचं अर्धं, मुलीचं अर्धं. बायकांना आता अर्ध्यात प्रवास असतो, त्यामुळे मशीनवर उमटलं: एक फुल, दोन हाफ. सायन आलं, तिघं उतरली, तिनं डबल बेल दिली. त्यानंतर तो कधी त्या गाडीत चढला नाही. तरी पनवेल आलं की ती चढणारा प्रत्येक चेहरा बघायची. रोज.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मग दानियालला कसं कळलं? तीच सांगून बसली, दुसरं काय.

दानियाल रेवदंड्याचा. बाप कतारला, आजोबा करमअली कधीकाळी बोटीवर. पोरगा दादरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, सोमवारी जायचा, शनिवारी यायचा. मागच्या सीटवर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. काही आठवडे तिनं ऐकलं आणि एका शनिवारी वडखळच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय रे, बंदूक काय, काळी गाडी काय, दुश्मन काय? तुझ्याकडे मोटरसायकल तरी आहे का?"

"ताई, तुम्हाला रॅप कळतं?" पोरगं चाट पडलं.

"खोटं कळतं. नाव काय लावतोस?"

"डी-खाडी."

"डबकं लाव. खाडी व्हायला वेळ आहे."

तेव्हापासून दोघांची गट्टी. तो ओळी ऐकवायचा, ती कापून काढायची. एकदा तो वैतागून म्हणाला, "ताई, खरं लिही खरं लिही म्हणता, पण आमच्याकडे खरं आहे काय? सुके बोंबील?" गाडी पुन्हा वडखळलाच अडकलेली. समोर ट्रेलरची रांग. जयमालाच्या तोंडातून निघून गेलं, "खरं कसं असतं ऐकायचंय?" आणि तिनं सांगितलं. पनवेल, पायरी, तिकीट, सगळं. सांगून हलकं वाटलं होतं तिला त्या दिवशी.

आता तेच गाणं आठ वाजता वाडीत मोठ्या स्पीकरवर वाजणार होतं आणि स्पीकरपासून वीस पावलांवर धोंडूबाई बसलेली असणार होती. सनीला लावू नको म्हणावं तर तो का म्हणून विचारेल आणि दोनदा लावेल.

पेणला तिनं दानियालला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद.

"बाई, आज काय उपास?" अनंतानं आरशातून विचारलं. "पेण गेलं, हाक नाय मारलीत. दोन माणसं झोपेत पुढं आली."

"त्यांना रामवाडीला उतरवा."

"रामवाडी पण गेली."

ती चुकली होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा थांब्याची हाक चुकली होती. ती दोन माणसं पुढच्या फाट्यावर शिव्या देत उतरली आणि तिनं मुकाट ऐकून घेतल्या.

पनवेल. दार उघडलं. गर्दी आत आली आणि गर्दीत एक मान दिसली, रुंद, सावळी, डाव्या कानामागे केस पांढरे. माणूस वळला. कुणीतरी दुसराच. "वाशी एक," तो म्हणाला. तिनं तिकीट दिलं, बाकी परत दिली आणि दोरी दोनदा ओढली, इतक्या जोरात की अनंतानं मागे वळून पाहिलं.

खाडीपुलावर चाकाखाली टक्-टक् सुरू झालं. आज त्या ठेक्यावर एकच ओळ येत होती. चढला कोण. चढला कोण.

दादरला गाडी लागली. परतीला जेमतेम पाऊण तास. जयमालानं नोंद करून घेतली, बॅग आणि मशीन खांद्याला तसंच ठेवलं, आणि अनंताला म्हणाली, "मी जरा बाहेर जाऊन येते."

"बाहेर?" अनंता जेवणाचा डबा उघडत होता. त्याचा हात थांबला. "बाहेर म्हणजे कुठं बाहेर?"

"मुंबईत."

सनीनं पाठवलेल्या जाहिरातीत पत्ता होता, जुन्या गोदामातला एक हॉल. ती निघाली. खजूरवाल्यानं नेहमीचं पाकीट पुढे केलं, तिनं बघितलंही नाही. शहर पायी चालताना वेगळंच निघालं. गाण्यात गल्ली असते तेव्हा ती कुणाचीतरी असते. ही कुणाचीच नव्हती, नुसती हातगाड्या आणि हॉर्न. तिनं दोघांना रस्ता विचारला. दोघांनी खाकी बघून तिलाच विचारलं, "पुण्याची गाडी किती वाजता?"

हॉलच्या फाटकावर पहारेकरी होता. "बॅग अलाउड नाही."

"ही ठेवता येत नाही. सरकारी आहे."

"मग तुम्ही पण अलाउड नाही."

आत ढब्-ढब् आवाज चालला होता, माईक तपासणं चाललं असावं. जयमालानं पहारेकऱ्याकडे एकदा पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि स्टँडवर मारते तशी हाक मारली.

"रेवदंडाऽऽ! चला, उतरा रेवदंडावाले!"

आतला ठोका थांबला. दोन मिनिटांत दानियाल पळत बाहेर. दाराशी येईपर्यंत हात खिशात गेला होता, तिकीट शोधायला. सवयच तशी.

"ताई? तुम्ही? इथं?"

"फोन का बंद ठेवतोस?"

"आत रेंज नाही, कसम से. ताई, तुम्ही ऐकायला आलात? मी तुम्हाला सरप्राइज..."

"सरप्राइज तुझ्या आजोबांना दे. ऐकव. सगळं."

जनरेटरच्या आडोशाला दोघं उभी राहिली. त्यानं मोठे हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. तिनं डोळे मिटले नाहीत, त्याच्याकडेच रोखून पाहत राहिली.

"दारात तीच उभी, दारातून तोच चढला,
बारा वर्षांचा घोळ एका पायरीवर पडला.
शारजाचा साहेब, बघ पनवेलला गावला,
मागून गर्दी ढकलते, म्हणून तो धावला.
नजर खाली, हात पुढे, बोलणं नाही साफ,
पनवेल ते सायन, दोन फुल, एक हाफ.
खाकीतल्या ताईनं केलं त्याला माफ."

गाणं संपलं. तिला वाटलं होतं की आपण पोराच्या कानाखाली आवाज काढू. हात उठला नाही, कारण गाणं चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, याआधी त्यानं असं काही लिहिलंच नव्हतं. ती पायरी दिसत होती. मागची ढकलाढकली अंगाला लागत होती. जयमालाच्या जागी दुसरी कुणी बाई असती आणि हे गाणं जयमालाच्या हाती आलं असतं, तर तिनं ते दिवसभर ऐकलं असतं.

दानियालला तिच्या तोंडावरून काही कळेना. त्याचा चेहरा उतरला.

"ताई, तुमचं नाव नाही टाकलेलं. कुठंच नाही."

"अलिबाग गाडीवर बायका कंडक्टर किती आहेत रे? आणि शारजाला गेलेला वाडीत एकच."

त्याला तेव्हा कळलं. खरंच तेव्हाच. हुशार पोरांचं असंच असतं, यमक जुळेपर्यंत दुसरं काही दिसत नाही. "या अल्ला," तो म्हणाला. "घरी माहीत नाही?"

"सासूला माहीत नाही. भाचा स्पीकर लावणार आहे."

"पुसतो, ताई." त्यानं फोन काढला. "तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता पुसतो. आज दुसरं काहीतरी म्हणेन. बंदूकवालं आहे ना जुनं, ते म्हणेन."

अंगठा पडद्यावर धरून तो थांबला. जयमालाच्या तोंडाशी आलं होतं, पुस. एवढंच म्हणायचं होतं, मग खजूर घ्यायचा आणि गाडीत बसायचं. पण त्या बंदुकीची तिला शिसारी आली.

"माफ कुणी केलं?" ती म्हणाली.

"काय?"

"हाफला माफ जुळतं म्हणून मी माफ केलं होय? मी तुला असं सांगितलं होतं?"

"नाही, पण शेवट जरा..."

"शेवट जरा गोड हवा. मग लग्नात गा. आणि दोन फुल कशाला? बाईचं अर्धं असतं, तुझी आई फिरते ना गाडीनं? एक फुल, दोन हाफ."

"ताई, लोकांना वाटेल दोन पोरं."

"वाटू दे. तिकिटावर जे उमटलं ते म्हण." ती थांबली. "मी त्याला काय म्हटलं होतं, आठवतं?"

दानियालनं फोन खाली केला.

"त्यानं पाचशेची नोट काढली. मी म्हटलं, सुट्टे द्या. बारा वर्षांनी नवऱ्याशी समोरासमोर बोलले ते एवढंच. हे घाल. घालता येत नसेल तर पुस."

पोरगं बराच वेळ जमिनीकडे बघत ओठ हलवत राहिलं. मग हळू म्हणालं, "नजर खाली, हात पुढे, तोंडातून शब्द ना फुटे, खाकी म्हणाली एवढंच, सुट्टे द्या, सुट्टे."

जयमालानं त्यातला एकही शब्द कापला नाही. तिनं घड्याळ पाहिलं.

"आठच्या आधी सोडू नकोस. मी घरी पोचेपर्यंत तर नाहीच. मी फोन करेन."

"आणि नाही आला फोन तर?"

"तर बंदूक वाजव," ती म्हणाली आणि बॅग सावरत धावत सुटली.

अनंतानं गाडी सुरू करून ठेवली होती. प्रवासी खिडक्यांतून ओरडत होते. "काय बाई, मुंबई बघितली का?" तो म्हणाला.

"बघितली. काही नाही तिच्यात. चला."

परतीला वडखळला पुन्हा कोंडी. ट्रेलरमागे ट्रेलर, हलायचं नाव नाही. जयमाला दारात उभी राहून समोर बघत होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. आई, तुम्हाला एक सांगायचंय. नको. आई, धर्मा बरा आहे. हे तर इतकी वर्षं सांगतेय. आई, बसा. बसलेल्या बाईला काय बसा म्हणायचं? एकही वाक्य धड बसेना. दुसऱ्याच्या ओळी कापणं सोपं असतं.

अलिबागला हिशेब देऊन ती मिनीडोर रिक्षानं किहीमला उतरली तेव्हा वाडीत स्पीकर उभा होता. सनी वायर जोडत होता. "आत्या! लवकर ये, पंधरा मिनिटं!"

"हात लावू नकोस त्याला. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

तो आवाज ऐकून सनीनं वायर सोडली.

धोंडूबाई पडवीत लसूण सोलत होती. "आली व्हय? खजूर आणलास?"

"नाही आणला, आई." जयमाला खाली बसली, बॅग बाजूला ठेवली. सगळी जुळवलेली वाक्यं गेली. तिनं मोबाईल काढला. ती निघाल्यावर दानियालनं नवं गाणं मोबाईलवरच म्हणून तिला पाठवलं होतं, मागे जनरेटरच्या आवाजासकट. तिनं एक इअरफोन सासूच्या कानात घातला, एक स्वतःच्या.

"काय लावतेस गो? देवाधर्माचं हाय?"

"खरं आहे. ऐका."

म्हातारी ऐकू लागली. लसणाची पाकळी बोटांत तशीच. पनवेल आलं तेव्हा बोटं थांबली. शारजा आलं तेव्हा तिनं जयमालाकडे पाहिलं. जयमालानं मान खाली घातली नाही. खाकी म्हणाली एवढंच. पनवेल ते सायन. गाणं संपलं तरी म्हातारीनं कानातलं काढलं नाही.

बाहेर कुत्रं भुंकत होतं. सनीनं लांबून विचारलं, "आत्या, लावू?" जयमालानं हातानंच थांब म्हटलं.

"धर्मा," धोंडूबाई म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"होय."

"पनवेलला हाय."

"होय, आई. गेल्या वर्षी दिसला."

म्हातारीनं ताटातली सालं बाजूला सारली. मग म्हातारीनं विचारलं, "दोन हाफ? दोन पोरं हायेत त्याला?"

"एकच. दुसरं हाफ त्या बाईचं. बायकांना अर्धं असतं."

"पोरगा हाय का पोरगी?"

"पोरगी."

"नाव काय तिचं?"

जयमालानं तेव्हा मान खाली घातली, दिवसभरात पहिल्यांदा. "तिकिटावर नाव नसतं, आई."

धोंडूबाईनं हातातली पाकळी सोलून ताटात टाकली. दुसरी घेतली. "आन ती खजुरी?"

"दादरची. स्टँडसमोरची."

"समद्या वाडीला वाटली मी." म्हातारीचा आवाज कडक झाला. "मी म्हातारी. मला तिकीट पडत न्हाय ना?"

"नाही. पंच्याहत्तरच्या वर शून्य रकमेचं निघतं."

"मंग उद्यापास्नं मी तुझ्या गाडीत. पुढल्या शिटावर. तो चढंल कवातरी. नातीचं नाव मी इचारीन." तिनं कानातलं बोंडूक काढून सुनेच्या हातात दिलं. "त्या पोराला सांग, वाजव म्हणावं. मला घाबरून गप बसू नको."

जयमालानं दानियालला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"सोड," ती म्हणाली.

सकाळी अलिबाग स्टँडवर अनंतानं पुढच्या सीटवर बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं, मग जयमालाकडे पाहिलं. गाणं त्यानंही रात्री ऐकलं होतं. जयमालानं मशीनवर बटणं दाबली, कागद फाडून सासूच्या हातात दिला. धोंडूबाईनं तो कमरेच्या चंचीत नीट घडी करून ठेवला.

पेणला हाक मारली. रामवाडीलाही मारली. एकही थांबा चुकला नाही. पनवेल आलं, गाडी थांबली, बाहेर गर्दी होती. जयमालानं दाराची कडी काढायच्या आधी मागे वळून पाहिलं. म्हातारी सीट सोडून उठून उभी राहिली होती, पदर खोचून, दांडा घट्ट धरून.

"उघड," ती म्हणाली.